माथेरानचें तट्टूं आणि त्याचा दिवस

पनवेल शहरांतून पूर्वेकडे पाहिलें असतां सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून थोडी सुटलेली, सपाट माथ्याची एक लांबट डोंगरओळ दृष्टीस पडते. तीच माथेरानची ओळ होय. मुंबई-ठाण्याकडील बहुतेक सुशिक्षित कुटुंबांनीं ह्या डोंगरावर एखादी तरी सुट्टी घालविलेली असते. आणि त्या सुट्टीची गोष्ट निघाली कीं, तांबड्या वाटा व गर्द झाडी ह्यांच्या जोडीला तट्टावरील स्वारीचीहि आठवण हटकून निघते. मुलाला पहिल्यानें घोड्यावर बसविलें तें येथेंच, असें सांगणारीं घरें पुष्कळ सांपडतील. परंतु ज्या जनावराच्या पाठीवर बसून ही मौज अनुभविली, तें पहाटेपासून रात्रीपर्यंत काय करतें, काय खातें, कशानें थकतें आणि कशानें आजारी पडतें, ह्याची चौकशी क्वचितच केली जाते. ती करण्याजोगी आहे. कारण अर्ध्या तासापुरतें कां होईना, त्या मुक्या प्राण्याचें सुखदुःख बसणाऱ्याच्या हातीं आलेलें असतें.

घोड्याचा आणि ह्या प्रदेशाचा संबंध माथेरानच्या वस्तीहून जुना आहे. आगगाडी सुरू होण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडीनें पनवेलच्या बंदरास उतरे आणि तेथून चौक, खालापूर, खोपोली ह्या मार्गानें बोरघाटाचा पायथा गांठी. कोणी पालखींत बसे, कोणी तट्टावर. घाटांतून गाडीची चाकें जाऊं शकतील असा रस्ता १८३० सालीं खुला झाला, तेव्हां घोड्याच्या पाठीवरील भार थोडा हलका होऊन गाडीला जुंपलेल्या घोड्याचें काम वाढलें. ह्याच रस्त्यावरील चौक गांवाहून ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० च्या मे महिन्यांत डोंगर चढून गेले आणि माथेरानची जागा त्यांनीं हेरली. डोंगरांत राहणाऱ्या ठाकर, कातकरी व धनगर लोकांना ती जागा अर्थातच पूर्वींपासून ठाऊक होती. मॅलेट ह्यांच्यामुळें ती मुंबईकरांना ठाऊक झाली इतकेंच. पुढें लोहमार्ग कर्जतच्या बाजूनें गेला, नेरळ स्टेशन सोईचें पडूं लागलें, आणि १९०७ सालीं आदमजी पीरभॉय ह्यांच्या कुटुंबानें बांधलेली दोन फुटी रुळांची छोटी गाडी नेरळहून डोंगरावर जाऊं लागली. गाडी आली म्हणून तट्टूं मात्र गेलें नाहीं. गाडी माणसाला बाजारापर्यंत आणून सोडी. तेथून बंगल्यांपर्यंत आणि डोंगराच्या निरनिराळ्या टोंकांपर्यंत जाण्यास पाय, तट्टूं अथवा माणसांनीं ओढलेली रिक्षा ह्यांवांचून दुसरें साधन नव्हतें.

ही स्थिति टिकून राहिली ती कायद्याच्या आधारानें. २००३ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें माथेरान व त्याच्या भोंवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. डोंगरावर मोटारींना बंदी आहे. खालून येणारी मोटार दस्तुरी नाक्याशीं थांबते आणि उतारू पुढें पायीं अथवा घोड्यावर निघतो. म्हणून येथील घोडा हा निव्वळ करमणुकीचा विषय नव्हे. तो माणसें वाहतो, सामान वाहतो, आणि त्याच्या मागें एकेक कुटुंब उभें असतें.

ह्या घोड्यांची जातकुळी एक नाहीं. कांहीं लहान चणीचीं देशी तट्टें असतात, कांहीं मिश्र वंशाचे घोडे असतात, आणि कांहीं शर्यतीच्या मैदानांतून निवृत्त होऊन आलेलेहि असतात. अश्वशास्त्राप्रमाणें खांद्याशीं साधारण १४८ सेंटिमीटरपर्यंत उंची असलेल्या घोड्यास तट्टूं म्हणतात. महाराष्ट्रास तट्टाची थोरवी नव्यानें सांगावयास नको. भीमेच्या कांठचीं भीमथडी तट्टें दिसण्यांत लहान, परंतु थोड्या चाऱ्यावर लांबचा पल्ला मारण्यांत तरबेज, अशी त्यांची मराठेशाहींत ख्याति होती. उंच, देखणा घोडा सपाटीवर शोभतो. दगडगोट्यांच्या चढणीवर आखूड पायांचें, बेताच्या वजनाचें तट्टूंच खात्रीचें ठरतें.

आतां तबेल्याकडे वळूं. घोड्याचा दिवस उजाडण्यापूर्वींच सुरू होतो. मोतद्दार प्रथम लीद काढतो, ओली जागा कोरडी करतो आणि जनावरास पाणी दाखवितो. लीद काढतांना तो ती न्याहाळून पाहतो. कारण घोड्याची प्रकृति ओळखण्याचें तें पहिलें साधन आहे. लीद मोकळी, बांधलेली आणि नेहमीइतकी असली तर पोट ठीक आहे. ती कमी पडली, घट्ट झाली अथवा अजिबात पडली नाहीं, तर मोतद्दाराच्या छातींत धस्स होतें. ह्याचें कारण घोड्याच्या शरीररचनेंत आहे. घोड्याचें जठर त्याच्या देहाच्या मानानें फार लहान असतें. आठ ते पंधरा लिटरांहून अधिक त्यांत मावत नाहीं. गवताचें खरें पचन पुढें मोठ्या आंतड्यांत, सूक्ष्म जंतूंच्या साहाय्यानें होतें. शिवाय घोड्यास ओकारी होऊं शकत नाहीं. पोटांत गेलेलें अन्न बाधलें तर तें वरच्या वाटेनें बाहेर टाकण्याची सोय निसर्गानें त्यास दिलेली नाहीं. त्यामुळें एकाच वेळीं पुष्कळ दाणा खाल्ला, खाण्यांत अचानक बदल झाला किंवा पाणी कमी पडलें, तर पोटशूळ उठतो. घोडा पोटाकडे वळून पाहतो, पायानें जमीन उकरतो, घामानें डवरतो आणि लोळूं लागतो. ही वेदना कांहीं तासांत प्राण घेऊं शकते, म्हणून अशा वेळीं घरगुती उपायांत वेळ न दवडतां पशुवैद्यास बोलाविणें हाच शहाणपणा होय.

ह्याच रचनेमुळें घोड्यास थोडें थोडें व वारंवार खाऊं घालावें लागतें. रानांतील घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत असतो. तबेल्यांतील घोड्यास तितकी मोकळीक नसते, म्हणून गवताचा भारा दिवसांतून तीन-चार वेळां पुढें टाकावा लागतो. सुकें गवत व दाणा मिळून रोजचा आहार त्याच्या वजनाच्या सुमारें दोन टक्के असावा, असें सामान्य प्रमाण आहे; म्हणजे अडीचशें किलोच्या तट्टास पांच किलोंच्या आसपास. त्यांत मोठा वाटा गवताचाच हवा. भिजविलेले हरभरे, कोंडा, क्वचित् थोडा गूळ, ही चंदी तोबऱ्यांत घालून देतात. ती श्रमाच्या मानानें कमीजास्त करावी लागते. पाणी ऋतूप्रमाणें वीस-पंचवीस लिटरांपासून चाळीस लिटरांपर्यंत लागतें, आणि घामावाटे जाणारें मीठ भरून काढण्यास चाटण्यासाठीं मिठाचा खडा ठेवतात.

पाणी व वैरण झाल्यावर खरारा. खरारा म्हणजे घोड्यास चकचकीत दिसावयास लावणें एवढेंच नव्हे. धूळ व वाळलेला घाम खोगिराखालीं राहिला तर चार तासांत पाठीवर फोड येतो, आणि त्याच फोडावर दुसऱ्या दिवशीं पुन्हां खोगीर बसलें म्हणजे जखम होते. म्हणून चांगला मोतद्दार खरारा करतां करतां आपल्या तळहातानें पाठ, खांदा व तंगाची जागा चांचपून पाहतो. कोठें ऊन लागलें, सूज जाणवली अथवा घोड्यानें कातडी थरथरविली, तर त्या दिवशीं त्या पाठीवर खोगीर घालावयाचें नाहीं, हा नियम. तो पाळणें सुट्टीच्या ऐन गर्दींत किती अवघड आहे, हें निराळें सांगावयास नको.

त्यानंतर पाय. घोड्याच्या टापेचें कवच माणसाच्या नखासारखें सतत वाढत असतें. महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर. जांभ्या दगडाच्या वाटेवर तें वाढीहून लवकर झिजतें, म्हणून लोखंडी नाल ठोकतात. नाल ठोकला कीं कवचाची झीज थांबते, पण वाढ चालूच राहते. म्हणून पांच-सहा आठवड्यांनीं नाल काढून, वाढलेला भाग कापून, पुन्हां बसवावा लागतो. खिळा कवचाच्या बधिर भागांतून गेला पाहिजे. रेंसभर आंत गेला तर तो जिवंत मांसास लागतो आणि घोडा लंगडा होतो. नालबंदाचें कौशल्य ह्या रेंसभर अंतरांत आहे. रोज सकाळीं चारहि पाय उचलून टापेच्या बेचक्यांतील खडे व चिखल काढणें हें मात्र नालबंदाचें नव्हे, मालकाचें काम. गुळगुळीत फरशीवर अथवा ओल्या ठोकळ्यांवर लोखंडी नाल घसरतो. तांबड्या मातीवर तो रुततो व धरून राहतो. ह्यावरून डोंगरावरच्या वाटा कशाच्या असाव्या, हा प्रश्न घोडेवाल्यांना एवढा जिव्हाळ्याचा कां वाटतो, तें ध्यानांत येईल.

मग खोगीर, तंग, लगाम असा साज चढवून घोडा नाक्यावर जातो आणि दिवसभराच्या फेऱ्या सुरू होतात. संध्याकाळीं परत आल्यावर लागलीच दाणा देत नाहींत. प्रथम हळूहळू फिरवून अंग निववितात, मग थोडें थोडें पाणी, मग गवत, आणि श्वास पूर्ववत् झाल्यावर चंदी. रात्रीं घोडा उभ्यानेंच डुलक्या घेतो. त्याच्या पायांतील स्नायुबंध व सांधे अशा रीतीनें अडकतात कीं, उभें राहण्यास त्यास फारसे श्रम पडत नाहींत. परंतु गाढ झोंपेसाठीं त्यास दिवसाकाठीं अर्धापाऊण तास तरी आडवें व्हावेंच लागतें. तेवढी कोरडी जागा नसेल, अथवा पिछाडी फार आखूड बांधली असेल, तर घोडा दिवसचे दिवस अर्धवट झोंपेवर काढतो व कामावर अडखळतो.

येथवरचा दिनक्रम कामाच्या दिवसांचा झाला. परंतु माथेरानवर पाऊस प्रचंड पडतो आणि जूनच्या मध्यापासून चार महिने पाहुण्यांची वर्दळ ओसरते. आगगाडीचा डबा रुळांवर उभा करून ठेवतां येतो, मोटारीचें तेल वाचवितां येतें. घोड्याचें पोट मात्र बंद ठेवतां येत नाहीं. फेरी होवो न होवो, पांच किलो वैरण रोज लागतेच. त्यांत ओलाव्यानें टापा मऊ पडून कुजतात, माशा व गोमाशा रक्त शोषतात आणि त्यांच्याबरोबर सर्रा नांवाचा ताप एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. म्हणून उन्हाळी व दिवाळीच्या सुट्टींत मिळालेल्या पैशांतून पावसाळ्याची तरतूद करावी लागते. स्वारीचा दर ठरतांना ग्राहकास अर्धा तास दिसतो. घोडेवाल्यास बारा महिने दिसत असतात. दराची घासाघीस फार ताणली म्हणजे ती भरून काढण्याच्या दोनच जागा उरतात: एक जास्तीची फेरी, किंवा रिकामा तोबरा. दोन्हींचा भार शेवटीं एकाच पाठीवर पडतो.

आतां भाराविषयीं. १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्याखालीं १९६५ सालीं ओझ्याच्या जनावरांसंबंधीं नियम झाले. त्यांत तट्टाच्या पाठीवर ७० किलोंहून अधिक ओझें लादूं नये असें सांगितलें आहे. दिवसांत एकूण नऊ तासांहून अधिक आणि विसांव्यावांचून सलग पांच तासांहून अधिक काम घेऊं नये, तसेंच ३७ अंशांहून अधिक उष्णतेंत दुपारीं बारा ते तीन काम घेऊं नये, असेंहि त्यांत आहे. अश्वपालकांचें स्वारीविषयींचें ढोबळ माप असें कीं, खोगिरासह स्वाराचें वजन घोड्याच्या वजनाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक नसावें. अडीचशें किलोच्या तट्टास ह्या हिशेबानें पन्नास किलो झेपतात. म्हणजे तें शाळकरी मुलास योग्य आहे. त्याच्या धिप्पाड वडिलांना नव्हे. वडिलांची इच्छा असेल तर त्यांनीं मोठा घोडा मागावा, अथवा लगाम धरणाऱ्याच्या बरोबरीनें पायीं चालावें.

स्वारीसाठीं पुढें आणलेलें जनावर सुदृढ आहे कीं नाहीं, हें ओळखण्यास पशुवैद्य असण्याची गरज नाहीं. घोडा दहा पावलें चालवून पाहावा. पुढचा पाय दुखत असला तर दुखरा पाय जमिनीस टेकतांना तो मान वर उचलतो आणि बरा पाय टेकतांना मान खालीं टाकतो. बरगड्या हातास लागाव्या, पण दुरून मोजतां येऊं नयेत. डोळे स्वच्छ असावे, नाकपुड्या कोरड्या अथवा किंचित् ओलसर असाव्या, त्यांतून घट्ट स्राव नसावा. विसांव्यांत असतांना श्वास मिनिटास आठ ते सोळा वेळां चालतो. उभ्या उभ्या भाता चालावा तशा कुशी हालत असतील तर घोडा नुकताच दमून आलेला आहे. खोगिराच्या कडेखालीं केस गेलेली अथवा ओली जागा दिसली, तर त्या जनावरावर बसूं नये, आणि कां बसत नाहीं तें मालकास सौम्य शब्दांत सांगावें. दहा जणांनीं असें सांगितलें म्हणजे त्या घोड्यास विश्रांति देणें मालकास परवडूं लागतें. कोणीच न सांगितल्यास परवडत नाहीं.

मुलास बसविण्याचीहि कांहीं रीत आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें त्यास जवळजवळ सर्व दिशांचें दिसतें. फक्त नाकाच्या अगदीं समोरचें व शेपटीच्या अगदीं मागचें दिसत नाहीं. म्हणून मागून जाऊं नये. खांद्याच्या बाजूनें, बोलत बोलत जवळ जावें. खाऊ द्यावयाचा तो तळहात सपाट धरून. डोक्यास पक्कें शिरस्त्राण असावें. घोडा गरीब आहे म्हणून तें नको असें म्हणणें म्हणजे विहीर ओळखीची आहे म्हणून काठ नको म्हणण्यासारखें आहे. रिकिबींत पायाचा पुढचा भागच ठेवावा. पाऊल आरपार गेलें तर पडलेलें मूल फरफटत जाण्याचें भय असतें. मुलास खोगिरास कधींहि बांधूं नये आणि तान्ह्या मुलास पुढें घेऊन वडीलमाणसानें स्वारी करूं नये. नवख्यासाठीं चालीची स्वारी पुरे. दौडीसाठीं आधीं शिक्षण हवें. खरचटल्यास जखम साबणपाण्यानें धुवून धनुर्वाताच्या लशीची चौकशी करावी, कारण ह्या रोगाचे जंतु घोड्याच्या लिदेंत व तिच्या धुळींत पुष्कळदां असतात.

इतकी सावधगिरी घेऊन स्वारी करावी तरी कशाला, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर घोड्याच्या चालींत आहे. तो चालतांना बसणाऱ्याच्या कमरेस पुढें-मागें, वर-खालीं व बाजूंस असें तिहेरी हेलकावे मिळतात, आणि ते माणसाच्या स्वतःच्या चालण्यांतील हेलकाव्यांसारखेच असतात. तोल सांवरतां सांवरतां पाठीचे स्नायु आपोआप काम करूं लागतात. ह्या गुणाचा उपयोग मेंदूच्या दोषामुळें स्नायूंवर ताबा नसलेल्या मुलांसाठीं तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं आतां अनेक देशांत केला जातो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल ह्या बाईंना पोलिओनें गांठल्यावर गुडघ्यांखालीं पायांत शक्ति उरली नव्हती. त्यांनीं १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें अश्वचालनांत रौप्यपदक मिळविलें, तेव्हां ह्या विद्येकडे जगाचें लक्ष वेधलें गेलें. निरोगी मुलासहि स्वारींतून एक धडा मिळतो: आपल्याहून दहापट वजनाच्या प्राण्याशीं जबरदस्ती चालत नाहीं, हात हलका आणि आवाज शांत ठेवला तरच तो ऐकतो.

माथेरानवर वाहनांचा प्रश्न सध्यां पालटत आहे. २०२२ च्या डिसेंबरांत विजेवर चालणाऱ्या रिक्षा प्रयोगादाखल सुरू झाल्या, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानें माणसानें माणसास ओढून नेण्याची प्रथा सहा महिन्यांच्या आंत बंद करण्याचा आदेश दिला. ती प्रथा जावी ह्यांत दुमत होण्याचें कारण नाहीं. वृद्धांस, आजाऱ्यांस व शाळेच्या मुलांस विजेची रिक्षा सोईचीच आहे. तिच्यामुळें घोड्याच्या फेऱ्या कांहींशा कमी झाल्या, तर त्यांतहि घोड्याचें अहित आहेच असें नाहीं. मात्र फेऱ्या घटल्या आणि दर पूर्वींचाच राहिला, तर घोडा पोसणें अवघड होईल, आणि न पोसलेल्या घोड्याचें पुढें काय होतें, हें कोणासहि कल्पनेनें कळण्यासारखें आहे. थोड्या फेऱ्या, योग्य वजन, भरलेला तोबरा आणि त्या मानानें चढा दर, हीच व्यवस्था घोडा, मालक व पाहुणा ह्या तिघांसहि हिताची दिसते.

ही व्यवस्था कायद्यानें अर्धीच होईल. उरलेली अर्धी दस्तुरी नाक्याशीं उतरणाऱ्या कुटुंबांच्या हातीं आहे. तट्टाच्या पाठीवर बसण्यापूर्वीं दोन मिनिटें त्याची पाठ, पाय व श्वास पाहावा, आणि मुलासहि पाहावयास शिकवावें. घोडेवाल्यास घोड्याचें नांव विचारावें. बहुधा तो नांवाबरोबर त्याचें वय, त्याच्या खोड्या आणि सकाळीं त्यानें किती खाल्लें हेंहि सांगूं लागेल; आणि तसें तो आपण होऊन सांगूं लागला, तर तें तट्टूं जपणाऱ्या हातांत आहे असें समजून मुलास खुशाल त्यावर बसवावें.